शिंदी, खजूर आणि खारीक : अहमदनगर जिल्ह्यातील स्थानिक व आयात फळांच्या गुणतुलनेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहरातील आडते बाजार व दाळमंडई या पेठांमध्ये खजूर आणि खारीक यांची विक्री पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. उपवासाचा फराळ, रमजानचा इफ्तार, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, तान्ह्या मुलाची गुटी आणि विवाहप्रसंगी भरावयाची ओटी या सर्व ठिकाणी या फळास मान आहे. परंतु या जिल्ह्याच्या मातीत ते फळ व्यापारी प्रमाणावर कधी पिकले नाही. याच जिल्ह्यातील ओढ्यानाल्यांच्या काठी खजुराच्याच कुळातील शिंदीचे झाड मात्र आपोआप उगवते. त्याचे फळ गुराखी मुले खातात, पाखरे खातात. बाजारात ते येत नाही.

‘देशी’ आणि ‘विदेशी’ खजूर यांच्या गुणांची तुलना करण्याची प्रथा वैद्यकग्रंथांपासून आजच्या आहारतक्त्यांपर्यंत चालत आली आहे. या तुलनेत बहुधा एक गोष्ट दुर्लक्षित राहते. ज्यांची तुलना होते ती फळे एकाच जातीची नसतात, आणि जेव्हा एकाच जातीची असतात तेव्हा एकाच अवस्थेतील नसतात. त्यामुळे जो फरक मातीचा म्हणून सांगितला जातो तो पुष्कळदा पाण्याचा, पक्वतेचा आणि प्रक्रियेचा असतो. शिंदी खाद्यफळ म्हणून का गणली गेली नाही, याचे उत्तरही तिच्या फळात जेवढे आहे तेवढेच ते महसुली इतिहासात आहे. या दोन मुद्द्यांच्या अनुरोधाने प्रस्तुत विषयाची मांडणी येथे केली आहे.

दोन वृक्ष, दोन फळे

शिंदी म्हणजे वनस्पतिशास्त्रातील फिनिक्स सिल्वेस्ट्रिस आणि अरबी खजूर म्हणजे फिनिक्स डॅक्टिलिफेरा. दोहोंत नर व मादी झाडे स्वतंत्र असतात. अरबी खजुरास बुंध्यापाशी पिले फुटतात आणि उत्तम वाण त्या पिलांवरून जसाच्या तसा वाढविता येतो. बियांपासून केलेल्या लागवडीत सुमारे निम्मी झाडे नर निघतात आणि उरलेल्या माद्यांचे फळ मूळ वाणासारखे येईलच असे नसते. शिंदी एकाच बुंध्याची असून तिचा प्रसार बियांवरच होतो. परिणामी आखाती प्रदेशातील बागाइतदाराने शेकडो वर्षे गोड व मांसल फळाची निवड करून वाण स्थिर केले. शिंदीच्या वाट्यास अशी निवड आलीच नाही.

भौतिक गुणांतील अंतर हे मुख्यतः या निवडीचे फलित होय. शिंदीचे फळ साधारणतः अडीच ते तीन सेंटीमीटर लांबीचे, नारिंगी-पिवळे, पिकल्यावर तांबूस होणारे असते. त्यात बी मोठी, गर पातळ आणि चव तुरट-गोड. आयात वाणांत बी फळाच्या मानाने लहान व गर जाड असतो. अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार ‘देगलेत नूर’ या वाणाचे बी काढलेले एक फळ सुमारे ७ ग्रॅम, तर ‘मेजूल’चे सुमारे २४ ग्रॅम भरते. शिंदीच्या घोसात फळे भरपूर असली तरी खाण्याजोगा भाग थोडा, आणि तोही टिकणारा नाही. वाळलेल्या खजुरात पाणी एक पंचमांशाच्या आसपास व साखर त्याच्या तिप्पट असल्याने बुरशीला वाव राहत नाही; म्हणूनच ते फळ गलबतातून, बैलावरून आणि पुढे आगगाडीतून महिनोन्‌महिने प्रवास करू शकले. फळाची प्रतिष्ठा त्याच्या गोडीइतकीच त्याच्या टिकाऊपणावर उभी राहिली, हे व्यापाराच्या इतिहासात विसरता येत नाही.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख

आखाती खजूर दख्खनच्या वाटेवर किती पूर्वीपासून होता, याचा स्पष्ट पुरावा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक व्यापारग्रंथात मिळतो. इराणी आखातातील अपोलोगस आणि ओम्माना या बंदरांतून बॅरिगाझा म्हणजे भडोच येथे जाणाऱ्या मालात मोती, वस्त्रे, मद्य, सोने यांबरोबर विपुल खजुराची नोंद त्यात आहे. अपोलोगस हे आजच्या बसऱ्याजवळचे बंदर. त्याच ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पुढे तगर म्हणजे तेर ही व्यापारी शहरे सांगितली आहेत. पैठण गोदावरीच्या उत्तर काठी आहे. नदी ओलांडली की शेवगाव तालुक्याचा प्रदेश सुरू होतो. बसऱ्याचा माल ज्या वाटेने आत येऊ शकत होता ती वाट अशा रीतीने आजच्या जिल्ह्याच्या सीमेला भिडलेली होती.

याउलट देशी झाडाचा साहित्यातील वावर वेगळा आहे. कालिदासाच्या ‘रघुवंश’ काव्याच्या चौथ्या सर्गात रघूच्या पश्चिम दिग्विजयाच्या वर्णनात हत्ती खर्जूरीच्या बुंध्यांना बांधलेले दिसतात. येथे झाड आहे, फळ नाही. चरकसंहितेत श्रमहर द्रव्यांच्या गणात द्राक्ष, डाळिंब, ऊस यांच्या पंक्तीला खर्जूर बसविला आहे. पण तो कोणत्या झाडाचा, हे तेथे वेगळे सांगण्याची गरज संहिताकारांना भासलेली नाही.

ही गरज सोळाव्या शतकातील भावमिश्राला भासली. त्याच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात खर्जूराचे तीन प्रकार केले आहेत : देशी भूमिखर्जूरिका, पश्चिमेकडील पिंडखर्जूरिका, आणि गाईच्या सडाच्या आकाराचा, परद्वीपातून आलेला छोहारा. स्थानिक आणि आयात फळांची शास्त्रीय तुलना हा अलीकडचा उद्योग आहे असे मानणाऱ्यांनी हे वर्गीकरण आवर्जून पाहावे. भावमिश्राने मूळ प्रदेश आणि आकार या दोन्ही गोष्टी भेदाचे निकष म्हणून घेतल्या आहेत. मात्र छोहारा हे वेगळे फळ नसून वेगळी प्रक्रिया आहे, ही बाब त्याच्या वर्गीकरणात येत नाही. पुढील चारशे वर्षांच्या घोटाळ्याचे मूळ एका अर्थी तेथेच आहे.

निझामशाहीचा काळ या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि १४९४ मध्ये अहमदनगर शहर वसविले. त्यापूर्वी त्याचे ठाणे जुन्नर येथे होते. जुन्नर ते चौल हा मार्ग दख्खनला आखाताशी जोडणारा होता आणि चौल हे पुढे निझामशाहीचे प्रमुख बंदर झाले. याच मार्गाने १४६९ च्या सुमारास रशियन व्यापारी अफनासी निकितीन एक घोडा घेऊन होर्मुझहून चौलला उतरला व जुन्नरला पोचला. त्याच्या प्रवासवृत्तातील एक लहानशी नोंद येथे मोलाची आहे. होर्मुझकडे जाताना दक्षिण इराणातील तारोम परिसरात जनावरांना खजूर चारतात, असे त्याने लिहिले आहे. जे फळ सह्याद्रीच्या पूर्वेस औषध, नैवेद्य आणि पाहुणचार यांसाठी जपून वापरले जाई, ते उत्पत्तिस्थानी गुरांचे खाद्य होते. वस्तूचा गुण आणि वस्तूचा मान या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात, हे यावरून दिसून येते. निझामशाही दरबारातील इराणी व अरबी वळणाच्या उमरावांनी या मानात भर घातली असणे स्वाभाविक आहे.

‘खारीक’ या शब्दाचे स्थलांतर

भाषेनेही या व्यापाराची साक्ष जपली आहे. ‘खजूर’ हा संस्कृत ‘खर्जूर’वरून आलेला शब्द, ‘खारीक’ हा मात्र फारसी ‘खारक’शी निगडित आहे. फारसीत खारक म्हणजे पूर्ण वाढलेले, पिवळे किंवा तांबडे झालेले, पण अद्याप मऊ न पडलेले कच्चट फळ. अरबीत या अवस्थेला खलाल म्हणतात. त्यानंतरची मऊ अवस्था रुतब आणि शेवटची सुकलेली अवस्था तमर. कच्छमध्ये ‘खारेक’ म्हणजे आजही झाडावरून उतरविलेले ताजे, करकरीत फळ. मराठीत मात्र ‘खारीक’ म्हणजे सुरकुतलेले, कडक, फोडण्यास अडकित्ता लागणारे सुके फळ.

शब्द एक आणि वस्तू दोन, असे का झाले? सुकी खारीक ही खलाल अवस्थेतील फळे तोडून, पाण्यात उकळून, उन्हात वाळवून केली जाते. मूळ अवस्थेचे नाव प्रक्रिया केलेल्या मालाला चिकटून राहिले आणि जेथे ताजे फळ कधी दिसलेच नाही तेथे तोच एकमेव अर्थ उरला. मुंबईत मस्जिद बंदर भागातील बाजारपेठेला ‘खारेक बाजार’ हे नाव आहे. नगरच्या व्यापाऱ्याला मात्र तेथून आलेल्या पोत्यात खारीकच मिळाली.

शिंदी : अबकारीचे झाड

फळाच्या बाबतीत शिंदी मागे पडली, पण झाड म्हणून ती गावगाड्यात पक्की रुजलेली होती. तिच्या पात्यांपासून चटया, टोपल्या आणि केरसुण्या होत. केरसुणी वळणे हा मातंग समाजाचा परंपरागत व्यवसाय. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. तिच्यापुढे मांडलेल्या ताटात खारीक असते. एकाच कुळातील दोन झाडे त्या पाटावर अशी भेटतात : एकाची पाने, दुसऱ्याचे फळ.

झाडाचा तिसरा उपयोग रसाचा. शेंड्याजवळ छेद देऊन मिळणारा ताजा रस म्हणजे नीरा. तीत दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि ती मुख्यतः उसाच्याच साखरेसारखी असते. उन्हे चढू लागताच रस आंबतो आणि त्याची शिंदी होते. झाडाचे आणि मादक पेयाचे नाव एकच असणे ही गोष्ट झाडाच्या लौकिकाला बाधक ठरली. बंगालमध्ये याच झाडाच्या हिवाळी रसापासून गूळ करण्याचा मोठा धंदा उभा राहिला व त्या गुळाला पक्वान्नांत मानाचे स्थान मिळाले. दख्खनमध्ये तसे घडले नाही.

या लौकिकाला कायद्याची मोहर १८७८ मध्ये बसली. त्या वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढण्यावर परवान्याचे बंधन आले आणि झाडावर कर बसला. शिंदीचे झाड त्यानंतर सरकारी दप्तरात फळझाड म्हणून नव्हे, तर महसुलाचे साधन म्हणून मोजले जाऊ लागले. ज्या झाडाचा रस काढावयाचा त्याच्या फळाकडे कोणी पाहत नाही; आणि ज्याचा रस काढावयाचा नाही त्याची मोजदाद करण्यात सरकारला रस नव्हता. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही झाडाकडे पाहण्याची चौकट तीच ठेवली, फक्त महसुलाच्या जागी निर्बंध आला. वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर ताडगुळाचा पुरस्कार केला होता. पण त्या प्रयत्नातही लक्ष रसाकडे होते. शिंदीच्या फळाचा विचार कोणत्याच व्यवस्थेने केला नाही. गरिबाच्या मुलाने ओढ्याकाठी जे खाल्ले त्याची नोंद म्हणूनच कोठे सापडत नाही.

१८७८ हेच वर्ष दुसऱ्या एका कारणाने लक्षणीय आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग याच वर्षी खुला झाला आणि अहमदनगर मुंबईच्या बाजारपेठेशी रुळांनी जोडले गेले. १८७६–७८ चा दुष्काळ नुकताच सरत होता. स्थानिक झाड परवान्याच्या कक्षेत जावे आणि त्याच वर्षी परदेशी फळाचा मार्ग सुकर व्हावा, हा योगायोगच. पण त्याचे परिणाम एकाच दिशेने झाले.

दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर अरबी खजुराचीच लागवड भारतात करावी, असा विचार या काळात पुढे आला. लखनौचे सिव्हिल सर्जन इमॅन्युएल बोनाव्हिया यांनी १८८५ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. कल्पना आकर्षक होती; परंतु दख्खनच्या संदर्भात तिच्या मार्गात पावसाळा आडवा येतो. खजुराला मुळाशी पाणी आणि डोक्यावर ऊन लागते. अहमदनगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत असून तेथील वार्षिक पाऊस ५५०–६०० मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे झाड वाढण्यास हरकत नाही. पण फळ पिवळे होऊन मऊ पडण्याचा काळ जून ते सप्टेंबर हाच, आणि जिल्ह्यात पावसाचा जोर सप्टेंबरात सर्वाधिक. रुतब अवस्थेत पाऊस लागला की फळ तडकते, आंबते, किडते. बसऱ्यात या काळात आकाश कोरडे असते. नगरच्या मातीने खजूर नाकारला नाही. नगरच्या पंचांगाने नाकारला.

पोषणमूल्यांची तुलना

आता प्रत्यक्ष आहारगुणांकडे वळता येईल. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचा पहिला व्यापक तक्ता कुन्नूर येथे ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच परंपरेतील, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा गोपालन व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला तक्ता महाविद्यालयीन अध्यापनात अनेक दशके प्रमाण मानला गेला. त्यात खजुराच्या दोन नोंदी आहेत. ताज्या फळात दर १०० ग्रॅमला पाणी ५९.२ ग्रॅम, कर्बोदके ३३.८ ग्रॅम, प्रथिने १.२ ग्रॅम, ऊर्जा १४४ किलोकॅलरी, कॅल्शियम २२ मिलिग्रॅम आणि लोह ०.९६ मिलिग्रॅम. सुक्या फळात पाणी १५.३ ग्रॅम, कर्बोदके ७५.८ ग्रॅम, प्रथिने २.५ ग्रॅम, ऊर्जा ३१७ किलोकॅलरी, कॅल्शियम १२० मिलिग्रॅम आणि लोह ७.३ मिलिग्रॅम.

भारतात ताजे मिळणारे फळ बहुधा कच्छचे आणि सुके बहुधा आयात, म्हणून या दोन ओळी वाचून ‘आयात खजूर देशी खजुराच्या दुप्पट पौष्टिक’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. दोन्ही नोंदींतील पाणी वजा केले तर ताज्या फळाच्या १०० ग्रॅम कोरड्या भागात सुमारे ३५३ आणि सुक्याच्या तेवढ्याच भागात सुमारे ३७४ किलोकॅलरी येतात. प्रथिनांचे प्रमाण दोहोंत २.९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच. ‘दुप्पट’ जे दिसत होते ते उन्हाने उडवून लावलेले पाणी होते. मेजूल आणि देगलेत नूर या दोन निःसंशय विदेशी वाणांतही ऊर्जा अनुक्रमे २७७ व २८२ किलोकॅलरी अशी सारखीच आहे. फरक आहे तो साखरेच्या प्रकारात. मेजूलमधील साखर बहुतेक ग्लुकोज व फ्रुक्टोज असते, तर देगलेत नूरमध्ये सुमारे २४ ग्रॅम सुक्रोज असते. मऊपणा व चिकटपणा यांतील भेद यामुळे पडतो. शक्तीतील भेद यामुळे पडत नाही.

लोहाचा प्रश्न मात्र पाण्याने सुटत नाही. कोरड्या भागावर हिशेब केला तरी ताज्या फळात २.४ आणि सुक्यात ८.६ मिलिग्रॅम असे अंतर उरते. अमेरिकन तक्त्यांत सुक्या देगलेत नूरचे लोह १०० ग्रॅमला केवळ १.०२ मिलिग्रॅम आणि मेजूलचे ०.९ मिलिग्रॅम दिले आहे. उघड्यावर वाळविलेल्या, चिकट पृष्ठभागाच्या फळावर बसणारी धूळ व भांड्यांचा संपर्क या गोष्टी अशा तफावतीस कारण होऊ शकतात, आणि असे बाहेरचे लोह शरीराला फारसे उपयोगी पडत नाही.

हा मुद्दा केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. घरोघर, आणि पुष्कळदा वर्गांतूनही, त्यांना दिला जाणारा पहिला सल्ला ‘खजूर खा’ हा असतो. पाच खजूर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. अमेरिकन आकडा धरल्यास त्यातून ०.४ मिलिग्रॅम लोह मिळते, आणि जुना भारतीय आकडा जसाच्या तसा मानला तरी २.९ मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सुचविलेली दैनंदिन मात्रा २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे सर्वांत उदार हिशेबानेही गरजेचा दहावा हिस्साच भागतो. बाळंतिणीच्या लाडवातील खारकेने ऊर्जा, तंतू आणि पोटॅशियम मिळते, चरकाने म्हटलेला श्रमपरिहारही होतो. रक्त वाढविण्याचे काम मात्र तिच्यावर सोपवून लोहाच्या गोळ्या बाजूस ठेवणे धोक्याचे आहे. महागडा आयात वाण घेतल्याने हे गणित बदलत नाही.

शिंदीच्या फळाविषयी असा हिशेब सामान्य आहारतक्त्यांत दिलेला नाही. गर थोडा व तुरट द्रव्ये अधिक असल्याने पोटभरीचे फळ म्हणून त्याची बरोबरी खजुराशी होणार नाही. तरी उन्हाळ्याच्या अखेरीस, जेव्हा जिरायती भागात दुसरे फळ नसते, तेव्हा ते फुकट मिळत असे. ओढ्यांचे खोलीकरण, वाळूउपसा आणि बांध साफ करणे यांत ही झाडे जातात, त्यांच्याबरोबर हे फुकटचे फळही जाते.

फाळणीनंतरचा बाजार

सुक्या खारकेचा मोठा पुरवठा सिंधमधील खैरपूर भागातून होत असे. तेथेही जुलैच्या पावसाचे भय असते. म्हणूनच फळ रुतब होण्याची वाट न पाहता खलाल अवस्थेतच तोडून, उकळून वाळविण्याची पद्धत तेथे रुजली. मराठी घरातील कडक खारीक ही अशा रीतीने मोसमी पावसाला दिलेली बगल आहे. १९४७ मध्ये हा प्रदेश परदेश झाला आणि जे फळ कालपर्यंत देशी होते ते आयात ठरले, फळ तेच असूनही. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसले आणि मे २०२५ मध्ये तेथील आयात पूर्णतः बंद झाली.

दरम्यान देशांतर्गत फळाचे स्थान बदलले आहे. ‘कच्छी खारेक’ला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ऊतिसंवर्धित रोपांमुळे नरमादीची जुनी अनिश्चितता संपली असून ‘बरही’ हा वाण कोरडवाहू भागांतील बागाइतदारांपर्यंत पोचला आहे. बरही खलाल अवस्थेतही तुरट लागत नाही, त्यामुळे तो पाऊस जोर धरण्यापूर्वी पिवळा असतानाच उतरविता येतो. रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेतून १९९० नंतर ज्या जिल्ह्यात डाळिंब व बोर पसरले, तेथील शेतकऱ्यास पाऊसकाळ टाळणारे फळझाड नवीन नाही. मात्र असे फळ ताजे विकावे लागते. ते थोड्याच दिवसांत मऊ पडू लागते आणि आडते बाजारातील पोत्यात महिनोन्‌महिने राहू शकत नाही. जून कोरडा गेला तर ते ताजे विकले जाईल, आणि पाऊस लवकर लागला तर बागाइतदाराला खैरपूरप्रमाणे कढई चढवावी लागेल. तेव्हा नगरच्या मातीत वाढलेले फळ प्रथमच त्या फारसी शब्दाच्या दोन्ही अर्थांनी खारीक होईल.